पंचवीस मिनिटांचा हिशेब

माझ्या धाकट्या जावेच्या मुलीला गेल्या आषाढात नोकरी लागली. रामंतापूरला एका कंपनीत हिशेबाचं काम, पगार अठरा हजार, सुट्टी संध्याकाळी पाच वाजता. पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवशी पोरगी जिना चढून माझ्याकडे आली.

"मोठी आई, गाडी घ्यायची आहे. लहानशी, स्वस्तातली. कोणती घेऊ?"

खरं तर तोवर घरातल्या चार पुरुषांनी तिला चार गाड्या सांगून झाल्या होत्या. तिच्या वडिलांनी अॅव्हरेज सांगितलं, माझ्या यजमानांनी रीसेलचा भाव सांगितला, भावांनी पिकअप सांगितला. तुझे पाय जमिनीला टेकतात का, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. आणि मला गाडी चालवता येत नाही. मग माझ्याकडं का आलीस, म्हटलं. तर म्हणाली, "तुम्हीच एक आहात, ज्यांना मला संध्याकाळी किती वाजता घरी यायचं ते माहीत आहे."

तिचा रात्री न जेवण्याचा नियम आहे. चातुर्मासापुरता घेतला होता, मग तसाच चालू ठेवला. नोव्हेंबरअखेरीला हैदराबादेत सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो. पाचला सुट्टी, बस मिळायला वीस मिनिटं, अंबरपेट-काचीगुड्याच्या गर्दीतून कोठीला यायला आणखी पाऊण तास. म्हणजे ताट वाढलेलं असूनही पोरगी उपाशी. घासाघीस पंचवीस मिनिटांचीच होती. हा हिशेब मला पाठ होता, कारण तीस वर्षांपूर्वी मी तो स्वतःसाठी मांडला होता. त्याचं पुढं सांगेन. आधी या गाड्या आपल्यापर्यंत कशा आल्या ते बघू, कारण त्याशिवाय तिच्या प्रश्नाचं उत्तर देता येईना.

आम्ही बडी चौडीच्या मागच्या गल्लीत राहतो. पाहुणे आले की विचारतात, कोठी म्हणजे नेमकी कुणाची कोठी? 1803 च्या सुमारास निजामाच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट कर्कपॅट्रिक यानं मुसी नदीजवळ जी टोलेजंग इमारत बांधायला घेतली, तीच ही कोठी. तिच्या आसऱ्यानं वाढला तो रेसिडेन्सी बाजार. 1933 मध्ये तो निजामाकडं परत आला आणि सुलतान बाजार झाला. 1924 मध्ये सुरू झालेलं मुलींचं कॉलेज 1949 मध्ये त्या इमारतीत आलं. आता त्याचं विद्यापीठ झालंय, चाकली इलम्मांचं नाव मिळालंय, पण आमच्या भागातल्या बायकांच्या तोंडी ते अजून वुमेन्स कॉलेजच आहे. बायका घराबाहेर कशा पडल्या हे ज्याला पाहायचं असेल त्यानं ग्रंथालयात जाण्याआधी या कॉलेजच्या फाटकासमोर तासभर उभं राहावं.

सासूबाई विवेकवर्धिनीत शिकल्या. केशवराव कोरटकरांसारख्यांनी उभी केलेली ही शाळा कोठीतल्या मराठी घरांना माहेरासारखी. त्या सांगायच्या, शेजारच्या मुस्लिम मैत्रिणीबरोबर एकाच सायकलरिक्षातून त्या जायच्या. रिक्षाला पुढं पडदा सोडलेला असे. पडदा मैत्रिणीसाठी, पण आत बसलं की दोघींना सारखाच! रस्ता दिसायचा तो पडद्याच्या फटीतून. पुढं बस आली. तशी ती शहरात केव्हाच होती. निजाम स्टेट रेल्वेनं 1932 मध्ये सत्तावीस बसगाड्यांनिशी ही सेवा सुरू केली होती. आमच्याकडच्या सरकारी बसच्या नंबरात 'झेड' हे अक्षर असतं ना, ते निजामाच्या आईच्या, जहरा बेगमच्या नावावरून आलं असं इथं सांगतात. बसवर बाईचं अक्षर होतं, पण सासूबाई बसमध्ये पहिल्यांदा चढल्या त्या लग्नानंतर, तेही सासऱ्यांबरोबर.

आता स्कूटर.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीत विमानं बनवण्यावर बंधनं आली होती आणि पियाज्जो कंपनीचा पाँतेदेरा गावचा कारखाना बॉम्बहल्ल्यात मोडून पडला होता. कामगारांना काम हवं होतं, लोकांना स्वस्तातली गाडी हवी होती. कंपनीनं कोरादिनो दास्कानियो नावाच्या विमानाच्या इंजिनिअरला बोलावलं. या माणसाला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. कपडे तेलानं माखतात, चाक पंक्चर झालं तर बदलणं जिवावर येतं, आणि बसायला टांग टाकावी लागते. म्हणून त्यानं इंजिन झाकलं, पाय ठेवायला सपाट फळी दिली आणि समोरची जागा मोकळी सोडली. झगा घातलेली बाई सुद्धा खुर्चीवर बसावं तशी बसेल, अशी ती गाडी. 1946 मध्ये ती बाजारात आली, तिचं नाव व्हेस्पा. वर्षभरात मिलानच्या इनोसेंती कंपनीनं लॅम्ब्रेटा काढली. तिकडच्या जाहिरातींत तेव्हापासून मुली स्कूटर चालवताना दिसतात.

तीच गाडी आपल्याकडं आली. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं लॅम्ब्रेटा जोडायला घेतली, साठच्या दशकाच्या सुरुवातीला बजाजनं पुण्याजवळ व्हेस्पा बनवायला सुरुवात केली. समोरची मोकळी जागा आपल्या धोतरवाल्यांच्या फार कामी आली! त्या जागेत पुढं मूल उभं राहिलं, भाजीची पिशवी राहिली, गॅसचा सिलिंडर राहिला. आणि ज्या बाईच्या झग्यासाठी ती जागा सोडली होती ती बाई इथं मागं बसली, एका अंगाला, दोन्ही पाय एकीकडं करून, एक हात स्टेपनीवर आणि दुसरा पदरावर.

कायद्यानंही ते मान्य करून टाकलं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 वा नियम आहे. मागं बसणाऱ्यासाठी धरायला आधार हवा, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. नियम चांगलाच आहे, कितीतरी जीव वाचले असतील त्यानं. पण ते वाचताना मला एकदा हसू आलं आणि मग आलं नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं बाई होती, तिची साडीही होती, आणि ती मागच्याच सीटवर होती.

साठ-सत्तरच्या दशकांत स्कूटर मिळवणं म्हणजे नवसाचं काम. किती बनवायच्या ते सरकार ठरवी. 1960 पासून वाटपावरही सरकारचं नियंत्रण आलं. नाव नोंदवून लोक दहा दहा वर्षं वाट बघत. परदेशात नातेवाईक असेल आणि त्यानं डॉलर भरले तर नंबर लवकर लागे. मिळालेली गाडी दारात लावण्याआधीच तिला जास्त भावाचं गिऱ्हाईक तयार असे. 1972 मध्ये बजाजनं चेतक आणली. नाव राणाप्रतापाच्या घोड्याचं, आणि स्वारही घोड्यावरच्यासारखाच ऐटीत बसायचा. सरकारी कारखाना लखनौला निघाला, मग राज्याराज्यांनी आपापली स्कूटर काढली. महाराष्ट्रानं बजाजबरोबर साताऱ्याला 'प्रिया' काढली. आमच्या आंध्र प्रदेशनं 'ऑलविन पुष्पक' काढली. ऑलविन म्हणजे आमच्या हैदराबादचीच कंपनी. आमच्या डबलडेकर बसची अंगं तिथं बनायची, फ्रिज बनायचे, घड्याळं बनायची. पुष्पक म्हटलं की जुने कोठीकर अजून खुलतात.

या टंचाईतूनच एक रीत आली. वरपक्षाच्या यादीत स्कूटर शिरली. आपल्या समाजात हुंडा घेत नाहीत असं आपण म्हणतो, आणि त्याच तोंडानं 'मुलीच्या सोयीसाठी एक गाडी' म्हणतो. माझ्या लग्नात, 1992 मध्ये, परभणीहून माझ्या वडिलांनी चेतक दिली. बाबांनी तीन वर्षं त्यासाठी पैसे बाजूला टाकले होते. बावीस वर्षं मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले. तिची किल्ली माझ्या हातात यायची ती फक्त कपडे धुताना यजमानांच्या खिशातून.

तक्रार करत नाही, आहे ते सांगते. आणि चेतकचा त्यात काही दोष नाही. दणकट, पोटभर ओझं वाहणारी गाडी. पण डाव्या मुठीत गिअर आणि क्लच, किक मारायला उजवा पाय, सुरू नाही झाली तर एका बाजूला कलती करून परत उभी करायची. शंभर किलोचं धूड साडी नेसून कलतं करून बघावं कुणीतरी.

1972 हे वर्ष आणखी एका गाडीचं. त्याच वर्षी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कायनेटिक इंजिनिअरिंगनं लूना आणली. फिरोदिया घराणं आपल्यातलं, नगरचं. कुंदनमल फिरोदिया स्वातंत्र्यचळवळीतले, 1946 ते 1952 मुंबई विधानसभेचे सभापती. त्यांचे एक चिरंजीव नवलमल, ज्यांचं नाव रिक्षाशी जोडलेलं आहे. दुसरे हस्तीमल, त्यांची ही लूना. पियाज्जोच्याच एका छोट्या मोपेडवर बेतलेली. पन्नास सीसीचं इंजिन, गिअर नाही, क्लच नाही, सायकलसारखी पायडलं. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी या. समोर पोकळ, त्यामुळं साडीला अडसर नाही. वजनाला इतकी हलकी, की पंक्चर झाली तर बाई एकटी ढकलत नेऊ शके.

लूना बायकांसाठी म्हणून निघाली नव्हती. दूधवाले, पोस्टातले लोक, छोटे दुकानदार, मास्तर, यांच्यासाठी ती होती. ज्याला स्कूटर परवडत नाही त्याची गाडी. म्हणूनच पुरुषांनी तिची टिंगल केली आणि, मला वाटतं, त्या टिंगलीतूनच ती बायकांना मिळाली. घरातली मानाची गाडी बाप्याची, उरलेली बाईची. पोळीचंही तसंच असतं की. पण मिळाली ना! घराण्याचे कौतुकसोहळे आपल्या समाजात पुष्कळ होतात, कारखाने आणि देणग्या मोजल्या जातात. लूनामुळं किती बायका वेळेवर घरी पोचल्या हे कुणी मोजलं नाही.

आमच्या वाड्यात समोरच्या बाजूला एक वहिनी होत्या, टेलिफोन खात्यात नोकरीला. आम्ही सगळ्या त्यांना लूनावाल्या वहिनी म्हणायचो. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. 1984 मध्ये त्यांनी पगारावर कर्ज काढून लूना घेतली. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. पहिला महिनाभर त्या गाडी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेत आणि तिथं सुरू करत, कारण वाड्यात आवाज झाला की सासरे खिडकी लावून घेत. महिन्याभरानं पाऊस लागला, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला रिक्षा मिळेना. त्यानंतर खिडकी उघडी राहू लागली. मोअज्जम जाही मार्केटातून येताना पायापाशी आंब्याची पेटी ठेवून त्या यायच्या, पदर कमरेला खोचलेला, डोळ्याला काळा चष्मा. मी वरच्या गॅलरीतून पाहत राहायची.

आता माझं.

1994 ची गोष्ट. मलकपेटच्या पुढं एका शाळेत मराठी-हिंदी शिकवायला बाई हव्या होत्या. मी बी.ए. झालेली, बोलावणं आलं. पगार नऊशे रुपये. घरात कुणी नको म्हणालं नाही. सासूबाईंनी एवढंच म्हटलं, सूर्यास्ताआधी सगळ्यांची पानं वाढून झाली पाहिजेत. त्यात त्यांचंही चुकलं नाही, घराची रीतच ती, मीही त्याच रीतीत वाढलेली. मी कागद घेऊन बसले. शाळा साडेचारला सुटते. बसनं कोठीला यायला, थांबण्यासकट, सव्वातास धरा. पावणेसहा. स्वयंपाक कधी करायचा? सकाळी करून ठेवला आणि आल्यावर नुसत्या पोळ्या टाकल्या तरी पंचवीस मिनिटं कमी पडत होती. गाडी असली तर ती पंचवीस मिनिटं मिळत होती. मी यजमानांना म्हटलं, एक जुनी लूना बघा. ते म्हणाले, "घरात गाडी आहे की."

गाडी खरंच होती. दिवसभर त्यांच्या दुकानासमोर उभी असायची.

आठ दिवसांनी शाळेनं दुसऱ्या बाई घेतल्या. मी त्यावर भांडले नाही, रडलेही नाही, नंतर मुलं झाली आणि दिवस गेले. पण संध्याकाळी पानं वाढताना कधीकधी घड्याळाकडं लक्ष जायचं.

त्याच सुमाराला फाटकासमोरचं चित्र पालटत होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला फिरोदियांनी जपानच्या होंडाबरोबर कायनेटिक होंडा आणली होती. कारखाना मध्य प्रदेशात पिथमपूरला. अठ्ठ्याण्णव सीसी, गिअर बदलायची भानगड नाही, बटण दाबलं की सुरू. आपल्याकडच्या बायकांच्या दृष्टीनं हे बटण फार मोठं. किक मारायला रस्त्यात उभं राहून साडी सावरावी लागत नाही, चार माणसं वळून बघत नाहीत. पण ती महाग होती. डॉक्टरीणबाई, बँकेतल्या अधिकारी, कॉलेजातल्या प्राध्यापिका, अशांकडं ती दिसे. कारकुनीण आणि मास्तरीण लूनावरच राहिल्या, किंवा 1980 पासून होसूरच्या टीव्हीएस कंपनीची दोन माणसांची मोपेड निघाली होती तिच्यावर.

1994 च्या सुमारास त्याच कंपनीची स्कूटी आली. साठ सीसी, प्लॅस्टिकचं अंग, चिमुकली. कंपनीनं आधी ती सगळ्यांसाठी म्हणून काढली होती. मुलींनीच ती उचलली, मग कंपनीनं जाहिराती मुलींकडं वळवल्या, पुढं गाडी चालवायला शिकवणारे वर्गही काढले. कोठीत तर स्कूटी हा शब्द जातिवाचक झाला. कुठल्याही कंपनीची बिनगिअरची गाडी असो, आमच्याकडं ती स्कूटीच. मध्यंतरी रंगांची मोठी चढाओढ लागली, गुलाबी, जांभळी, पोपटी. कुणी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, रंग कसलाही द्या, मेन स्टँडवर चढवायला सोपी करा. नंतर त्यांनी स्टँड सोपा केला, तेव्हा कुठं अर्ध्या बायकांची पाठ वाचली.

आणि 2001 मध्ये अॅक्टिव्हा. त्या वेळी सगळा देश मोटरसायकलीच्या मागं लागला होता, स्कूटर आता संपली असं लोक म्हणत होते. होंडानं स्कूटरच का काढली? बायकांची आठवण झाली म्हणून, असं आपल्याला वाटेल. तसं नव्हतं. हीरोबरोबरच्या भागीदारीच्या करारामुळं होंडाला काही वर्षं भारतात स्वतःच्या नावानं मोटरसायकल काढता येत नव्हती. हाताशी स्कूटर होती, तीच काढली. पत्र्याचं अंग, बिनगिअर, बटणाची. घरातल्या बाप्यांना ती चालवायला लाज वाटेना, बाईला जड वाटेना. एकच गाडी सकाळी सुनेची, दुपारी सासऱ्यांची, संध्याकाळी नातवाची. 'घरात गाडी आहे की' हे वाक्य त्या गाडीनं निदान खरं केलं. चेतक बंद झाली, 2009 मध्ये बजाजनं स्कूटरचा धंदाच सोडला. 2020 मध्ये चेतक परत आली ती विजेवर चालणारी, बिनगिअरची. राणाप्रतापाच्या घोड्याला आता किक नाही.

तर पुतणीचा प्रश्न. आम्ही दोघी कागद-पेन घेऊन बसलो. पहिला मुद्दा तिच्या आईनं काढला. 9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणात बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस बसचा प्रवास फुकट आहे. आधार कार्ड दाखवलं की झीरो टिकट. मग लाखाची गाडी कशाला? मुद्दा खोटा नाही. आमच्याकडं धुणंभांड्याला येणाऱ्या बाईचे महिन्याला जे पैसे वाचतात त्यात तिच्या मुलाच्या शिकवणीची फी निघते. या योजनेला नाक मुरडणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. पण बस फुकट झाली तशी खच्चून भरू लागली आणि वेळेचा भरवसा राहिला नाही. मेट्रो सुलतान बाजारात आली आहे, 2020 पासून. पण तिथून रामंतापूरच्या बाजूला जायचं तर आधी उलट्या दिशेनं परेड ग्राउंड गाठायचं, तिथं गाडी बदलून उप्पलकडं यायचं आणि पुन्हा रिक्षा. म्हणजे वळसा घालून नाक धरायचं.

गाडीचा खर्च मांडला. जाऊन येऊन पंधरा किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, पावणेचारशे किलोमीटर. शहरात लिटरला पंचेचाळीस धरले तर आठ-साडेआठ लिटर. हैदराबादेत पेट्रोल एकशेसात रुपयांच्या वर, म्हणजे नऊशे रुपये. अठरा हजारांतून नऊशे जड नाही. नवी गाडी मात्र रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या आसपास जाते. 2018 पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो, 2020 पासून धुराचे नियम कडक झाले आणि किमती चढल्या. 22 सप्टेंबर 2025 ला, नेमक्या घटस्थापनेला, जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला तेव्हा तिच्या वडिलांनी पुन्हा उचल खाल्ली, नवीच घेऊ, हप्ते मी भरतो. पोरगी म्हणाली, नको. हप्ते तुम्ही भरले की किल्ली तुम्ही मागाल. जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी कागदाकडं पाहिलं.

विजेची गाडी तिला मनापासून हवी होती. तेलंगणानं 2024 च्या नोव्हेंबरात विजेच्या गाड्यांचा रोड टॅक्स आणि नोंदणीची फी माफ केली. नगरची लूनाही 2024 मध्ये विजेवर परत आलीय, तिची किंमत पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा कमी. मला तर तीच घ्यावीशी वाटत होती, कारण उघड आहे. पण आमचा वाडा जुना. गाडी राहणार जिन्याखाली, तिथं प्लग नाही. मीटर चार बिऱ्हाडांचे वर एका फळीवर. वायर खाली सोडायची तर पावसात कुणाचं मूल हात लावेल याचा नेम नाही, आणि वीज कुणाच्या मीटरवरची यावर भांडण होणार ते वेगळं. ताशी पंचवीसच्या आत चालणाऱ्या बारक्या विजेच्या गाड्यांना ना लायसन लागतं ना नोंदणी. त्या मिळतात, पण अंबरपेटच्या रस्त्यावर मागून बस हॉर्न देत असताना पंचविसानं जाणं मला काही पटेना. ज्यांच्या घरी खाली प्लग आहे आणि दोन-तीन किलोमीटरवर काम आहे त्यांनी जरूर बघावी.

शेवटी जुनी पेट्रोलची बघायचं ठरलं. मी एकच अट घातली. गाडी बघायला चौघे पुरुष आले तरी चालेल, पण आधी ती बसेल. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. ती स्वतः, कुणाचा हात न लागता, गाडी मेन स्टँडवर चढवून उतरवेल. वीस पावलं मागं ढकलत नेईल, कारण जिन्याखालून गाडी मागंच काढावी लागते. ही परीक्षा तीन गाड्यांनी दिली. अॅक्टिव्हा चांगली होती, शंभर किलोच्या थोडी वर, आमच्या उंबऱ्यावरून मागं ओढताना तिचा दम निघाला. माझ्या भाचीकडं तीच आहे आणि ती मजेत चालवते, पण भाची पाच फूट सहा इंच आहे. ही जेमतेम पाच फूट. शंभर किलोच्या आतली स्कूटी पेप, 2019 ची, पास झाली. नंबर 'टीएस'चा. 2024 च्या मार्चपासून आमच्याकडं नव्या गाड्यांना 'टीजी' लागतं, तेव्हा पाटीवरूनच वयाचा अंदाज येतो.

भाव बेचाळीस हजारांवर तुटला. पैसे देण्याआधी तिनं स्वतः मोबाईलवर गाडीवरचे थकलेले चलान बघितले, दोन निघाले, ते मालकाकडून भरून घेतले. आरसीवर बँकेचं कर्ज उरलं नाही ना, विमा चालू आहे ना, हे पाहिलं. नाव बदलायचे फॉर्म 29 आणि 30 मालकाच्या सहीनं समोर भरून घेतले. बायकांनो, हे नक्की करा. गाडी घरी आली आणि कागद मागच्याच नावावर राहिले तर उद्या अपघात झाल्यावर धावाधाव होते. टायर, ब्रेकचे शू आणि बॅटरी मिळून आणखी साडेचार हजार गेले. हेल्मेटचे वेगळे. पैसे तिचे, तीन पगारांतून आणि भिशीतून. आरसीवर नाव तिचं.

राहता राहिली जागा. जिन्याखाली चेतक होती. 2014 पासून चालत नव्हती, पण जागा तिचीच. यजमान म्हणाले, तिला कुठं ठेवायची? मी म्हटलं, अंगणात. पाऊस? ताडपत्री घाला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि दिरांनी मिळून तिला बाहेर काढलं. टायर जमिनीला चिकटले होते. त्यांनी तिच्या पत्र्यावरची धूळ पुसली, बाबांच्या गावच्या डीलरची चकती अजून तशीच होती.

पोरगी काल पाच वाजून सत्तावीस मिनिटांनी आली. गाडी मागं सरकवत जिन्याखाली लावली, हात धुतले, पानावर बसली. अंगणात ताडपत्रीखाली चेतक आहे. भंगारवाला दोनदा येऊन किलोवर भाव सांगून गेला. यजमान अजून हो म्हणत नाहीत, आणि मीही त्यांना घाई करत नाही.